फॉस्फरस ७.२ : ताटातून अजून काय काढू?

पूर्वा_धरमपेठ

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण नीट सांगते.

सासरे ६६ वर्षांचे. मधुमेहामुळे किडनी गेली, आता मंगळवार-शुक्रवार डायलिसिस. पोटॅशियम बऱ्यापैकी ताब्यात आहे, पण रक्तातला फॉस्फरस खाली यायचं नाव घेत नाही. आधी ६.८ होता, आता ७.२. डॉक्टरांनी "पथ्य पाळा" म्हणून गोळी वाढवली. बाहेर एवढी रांग असते की जास्त विचारताही येत नाही.

दूध बंद केलं, दही बंद केलं, डाळ जवळपास बंदच. अंडी बंद, कारण शेजारच्या काकूंनी सांगितलं. आता ताटात भात, पोळी, दुधी, दोडका, परत दुधी. सासरे चिडतात. सासूबाई म्हणतात, आजाराने नाही, तुम्हीच उपाशी माराल यांना. अंगाला खाज इतकी की रात्री झोप नाही.

प्रश्न सरळ आहे. आता अजून काय काढायचं? की काही परत घालायचं?

खामल्याचा_बाळ्या

काहून हो ताई, दुधीवर ठेवलं त्यायले? मी असतो तर घर सोडून गेलो असतो. (हलके घ्या.)

आमच्या मोठ्या भावाचंही हेच होतं. त्याले काय कमी केल्याने फरक पडला ते लिहितो रात्री, आता दुकानात आहे.

रेवा_क

वाचतेय. आईचा क्रिएटिनिन २.१ आहे, डायलिसिस नाही. आम्हीही आतापासूनच दूध-डाळ बंद करावी का?

सुई_आणि_मशीन

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, नागपुरातच. पूर्वाताई, सल्ला नंतर, आधी चार गोष्टी सांगा. गोळी कोणती आणि नेमकी केव्हा घेतात? सकाळी नाश्त्याला काय असतं? एका वेळी डायलिसिस किती तास होतं, खरे तास, कागदावरचे नाही. आणि पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोनची तपासणी) शेवटचं कधी केलं?

पूर्वा_धरमपेठ

सेव्हेलामर ८००, चिठ्ठीवर १-१-१ लिहिलंय. ते एक सकाळी उठल्यावर घेतात, एक दुपारी झोपून उठल्यावर आणि एक रात्री झोपताना. जेवताना आधीच पाणी होतं, त्यात गोळीचं पाणी वाढायला नको म्हणून. पाण्याचा हिशेब ते स्वतःच ठेवतात, पक्के आहेत त्यात.

नाश्त्याला चहा आणि खारी किंवा टोस्ट. दूध बंद केल्यापासून चहा पावडरच्या दुधाचा. रविवारी तर्री पोहे, ते मात्र कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

चार तास लिहिलेले असतात. सासरे साडेतीनलाच "काढा" म्हणतात. पीटीएचचा कागद शोधून सांगते.

सुई_आणि_मशीन

उत्तर बरंचसं तुमच्याच प्रतिसादात आहे.

सेव्हेलामर रक्तात जातच नाही. ती आतड्यात अन्नातला फॉस्फरस धरते आणि शौचावाटे बाहेर नेते. पोटात अन्नच नसेल तर धरणार काय? उठल्यावर, झोपून उठल्यावर, झोपताना म्हणजे तिन्ही गोळ्या जवळजवळ वाया. जेवता जेवता किंवा पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबर घ्यायची. पाण्याची काळजी रास्त आहे, पण बाकीच्या गोळ्यांना लागतं त्याच घोटात हीसुद्धा बसवता येते. अख्खी गिळायची, कुटून किंवा पाण्यात घोळून नाही, ती ओली झाली की फुगते.

आता हिशेब बघा. माणूस दिवसाला हजारेक मिलिग्रॅम फॉस्फरस खातो, त्यातला साधारण ६० टक्के अंगी लागतो. म्हणजे आठवड्याला ४२०० च्या आसपास. चार तासांचं एक डायलिसिस साधारण ८०० काढतं. दोनदा केलं तर १६००. उरलेला कुठे जाणार? म्हणून गोळी लागते, आणि म्हणूनच तीन वेळा डायलिसिस असणाऱ्यांचं जरा सोपं जातं.

वेळेबद्दलही. फॉस्फरस बराचसा पेशींच्या आत बसलेला असतो, तो रक्तात हळूहळू येतो. युरियासारखा झटकन निघत नाही. त्यामुळे शेवटचा अर्धा तास फुकटचा नसतो. वर्धा, भंडारा, उमरेडहून येणाऱ्या लोकांना गाडी पकडायची असते, त्यांचं समजू शकतो. धरमपेठेत राहणाऱ्याने साडेतीनला "काढा" म्हणू नये.

खामल्याचा_बाळ्या

म्हणजे वरात मांडवात पोचल्यावर बँडवाले बोलावल्यासारखं झालं न गोळीचं.

जठारपेठी

मी अकोल्याचा, मुलगी नागपुरात. एक शंका. एक गोळी किती फॉस्फरस धरते? आमच्याकडे दोन-दोन देतात, तरी ६ च्या खाली नाही.

सुई_आणि_मशीन

८०० च्या एका गोळीला ढोबळ २५-३० मिलिग्रॅम धरा. म्हणून वाडगाभर रबडी खाऊन वर एक गोळी टाकली की झालं, हा समज काढून टाका. किती गोळ्या आणि कोणत्या जेवणाला किती, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. खूप जणांचा नाश्ता नावापुरता आणि दुपारचं जेवण भरपेट असतं. अशांना १-१-१ पेक्षा जास्त गोळ्या मोठ्या जेवणाला, असं वाटून घेता येतं. विचारा, डॉक्टर नाही म्हणत नाहीत.

आहार_माधुरी

आहारतज्ज्ञ आहे, रामदासपेठेत बसते. हा धागा मैत्रिणीने पाठवला.

पूर्वा, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) किती आहे?

पूर्वा_धरमपेठ

आत्ता बघितलं. ३.१. दिवाळीच्या आधी ३.८ होतं. हे कमी होणं वाईट ना?

आहार_माधुरी

हो, आणि माझ्या मते ७.२ पेक्षा आधी याची काळजी करायला हवी.

डायलिसिसवरच्या माणसाला प्रथिनं जास्त लागतात, वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम. मशीनमधूनही थोडी निघून जातात. तुम्ही दूध, डाळ, अंडी सगळंच काढलंत, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं, आणि स्नायू मोडले की त्यातलाही फॉस्फरस रक्तात येतो. उपाशी राहून फॉस्फरस उतरवायला जाल तर दोन्हीकडून तोटा.

आता परत काय घालायचं ते सांगते. अंड्याचा पांढरा भाग पहिला. एका पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम प्रथिन आणि फॉस्फरस जेमतेम पाच मिलिग्रॅम. अख्ख्या अंड्यात नव्वदेक असतो, तो जवळजवळ सगळा पिवळ्यात. शेजारच्या काकू पिवळ्यापुरत्या बरोबर होत्या. घरात चालत असेल तर दोन-तीन पांढऱ्यांची भुर्जी करा, सांबार (कोथिंबीर) घालून, मीठ कमी.

मग डाळ. कागदावर डाळीत फॉस्फरस भरपूर दिसतो, म्हणून लोक घाबरतात. पण धान्य-कडधान्यांतला बराच फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो आणि तो फोडणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नाही. त्यामुळे अर्ध्याहून कमीच अंगी लागतो. मांस-दुधातला त्यापेक्षा जास्त. आणि पाकिटातल्या पदार्थांत मिसळलेली फॉस्फेटची मिठं नव्वद टक्क्यांच्या वर, जवळजवळ सगळी. फरक इथे आहे. तुम्ही वरण काढलंत आणि टोस्ट ठेवलात.

वर्धारोड_४४

माधुरीताई, क्षमस्व, पण असहमत. माझ्या भाऊजींना त्यांच्या डॉक्टरांनी डाळ मोजून वाटीभर, त्यापुढे नाही, असं बजावलंय. तुम्ही इथे सरसकट "डाळ खा" सांगताय. कोणी वाचून दोन वाट्या रोज ओतील.

आहार_माधुरी

भाऊजी डायलिसिसवर आहेत का?

वर्धारोड_४४

नाही, अजून नाही. चौथी स्टेज.

आहार_माधुरी

मग त्यांचे डॉक्टर बरोबर आहेत. डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमीच ठेवतात, दर किलोला ०.६ ते ०.८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की उलट. एकाच घरात दोन किडनी पेशंट असतील तर ताटंही वेगळी. वाटीभर वरण मीही म्हणतेय, तुरीचं, आणि डाळ भिजवून पहिलं पाणी फेकून. दोन वाट्यांना पोटॅशियमही आडवं येतं.

वर्धारोड_४४

हे आधी लिहायला हवं होतं. पण ठीक, पटलं.

रेवा_क

मग माझ्या आईचं? तिचा फॉस्फरस ३.९ आलाय.

सुई_आणि_मशीन

साधारण २.५ ते ४.५ ही सामान्य मर्यादा, त्यात आहे. सुरुवातीच्या स्टेजमध्ये फॉस्फरस बरेचदा नॉर्मलच दिसतो, कारण पीटीएच आणि एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन उरलेल्या किडनीला जास्त पळवून तो लघवीवाटे बाहेर टाकतात. स्टेज चारच्या पुढे हे जमेनासं होतं. केडिगो या किडनीविषयक जागतिक संस्थेच्या २०१७ च्या सूचनांमध्येही हेच आहे की सतत किंवा चढत जाणाऱ्या फॉस्फरसवर उपचार करा, नॉर्मल असताना आधीच गोळ्या नकोत. आईंचं दूध बंद करू नका. कोल्ड्रिंक आणि पाकिटं मात्र आजपासून बंद केलीत तर कोणाचंच नुकसान नाही.

खामल्याचा_बाळ्या

आलो. भावाचं सांगतो.

त्याले मे महिन्यात तहान आवरत नव्हती. ४५ डिग्री, कूलरसमोर बसून राहायचा आणि पाणी मोजून. मग कोणी सांगतलं का पाण्याऐवजी थंडा घे, थोडाच लागते. तो रोज काळा थंडा एक बाटली. पथ्य एकदम कडक, मटण नाही, दूध नाही, आणि फॉस्फरस ८. सगळे चक्रावले. शेवटी डायलिसिसच्या सिस्टरने बाटली पाहिली पिशवीत. काळ्या थंड्यात फॉस्फोरिक आम्ल राहते, लिहिलेलं असते मागे, आयएनएस ३३८. थंडा बंद केला, गोळी जेवणात चालू केली. दोन्ही एकदमच केलं म्हणून कोणत्याने किती उतरला ते नाही सांगता येत, पण उतरला. आता तो बर्फाचा छोटा खडा चघळते, तोही पाण्यात मोजून.

आहार_माधुरी

बाळ्याभाऊ, मुद्द्याचं लिहिलंत. पाकिटामागे फॉस्फरस किती मिलिग्रॅम हे आपल्याकडे लिहिणं बंधनकारक नाही, त्यामुळे आकडा शोधू नका, क्रमांक शोधा. ३३८ ते ३४३ आणि ४५० ते ४५२, यातला एक दिसला की फॉस्फेट आहे. प्रोसेस्ड चीज, इन्स्टंट नूडल्स, फ्रोजन नगेट्स, केकचं तयार पीठ यांत बरेचदा सापडतात. बेकरीत बेकिंग पावडर पडते, तिच्यातही फॉस्फेट असू शकतं, आणि सुट्या खारी-टोस्टला तर लेबलच नसतं. चहातल्या दूध-पावडरबद्दल म्हणाल तर ते दूधच आहे, पाणी काढलेलं. काही पावडरींत वरून फॉस्फेट टाकलेलं असतं. त्यापेक्षा साध्या दुधाचे दोन चमचे चहात घाला आणि मोजा.

नाश्त्याला साधे पोहे चालतील, तर्रीशिवाय.

खामल्याचा_बाळ्या

तर्रीशिवाय पोहे नागपुरात? ताई, तुम्ही पुण्याहून आल्या का?

आहार_माधुरी

जन्म नागपूरच्याच महाल भागातला. तर्री दोन चमचे, चणे बाजूला. याच्या खाली मी येणार नाही.

इतवारी_एक्स्प्रेस

एक विनोदी शंका. चुना म्हणजे कॅल्शियमच ना? कॅल्शियमच्या गोळ्या फॉस्फरस धरतात असं ऐकलंय. मग जेवणानंतरचा खर्रा (सुपारी-तंबाखू-चुना) हा बाइंडर, म्हणजे फॉस्फरस धरणारी गोळी, मानावा काय?

सुई_आणि_मशीन

नाही. आणि हा प्रश्न मला वॉर्डात खरोखर विचारला गेलाय.

कॅल्शियम अॅसिटेट आणि कार्बोनेट या बाइंडर म्हणून देतात, स्वस्तही पडतात. पण त्यांतलं काही कॅल्शियम रक्तात जातं. आधीच फॉस्फरस जास्त, त्यात कॅल्शियम वाढलं की दोन्ही मिळून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आणि हृदयाच्या झडपांत साचतात. म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यांवर मर्यादा ठेवायला सांगतात. परवडत नाही म्हणून बदलायच्या असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, कॅल्शियमचा रिपोर्ट बघून ते थोड्या कॅल्शियमच्या आणि थोड्या सेव्हेलामरच्या अशी वाटणीही करतात. स्वतः मेडिकलमधून बदलून आणू नका.

काटोलचा_पाहुणा

एवढ्या गोळ्या कशाला? आमच्याकडे एक वैद्य काढा देतात, किडनीच परत चालू होते. ज्यांना हवा त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वर्धारोड_४४

नको. धागा उगाच घाणेरडा करू नका.

जठारपेठी

काढ्यात काय आहे ते इथेच लिहा ना, व्यनि कशाला? पोटॅशियम किती, भस्म आहे का, कोणाचा आधीचा-नंतरचा रिपोर्ट आहे का?

(उत्तर आलं नाही, अपेक्षेप्रमाणे.)

रेवा_क

अवांतर : कमरख. शाळेबाहेर मीठ लावून मिळतं ते आंबट, चांदणीसारखं कापतात. किडनीच्या पेशंटला ते विष आहे असं वाचलं. खरं का?

सुई_आणि_मशीन

खरं. त्यातलं एक द्रव्य बिघडलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही, ते मेंदूवर जातं. न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके. एकसुद्धा फळ नको.

अवांतरच चालू आहे तर आणखी दोन गोष्टी, ज्या फॉस्फरसच्याच आहेत. सेव्हेलामर आणि कमी पाणी यांनी बद्धकोष्ठ होतो. मग घरचे दुकानातून एनिमा आणतात. बऱ्याच तयार एनिमात सोडियम फॉस्फेट असतं, किडनी पेशंटला ते फार धोक्याचं, फॉस्फरस एकदम उसळतो. नाव न बघता आणू नका. आणि जळजळीला ते गुलाबी-पांढरं औषध बाटलीनेच पितात, त्यात बहुधा अॅल्युमिनियम असतं. ते फॉस्फरस धरतं खरं, पूर्वी बाइंडर म्हणून देतही असत, पण हाडांत आणि मेंदूत साचतं म्हणून मागे पडलं.

पूर्वा_धरमपेठ

तो कागद सापडला. पीटीएच ७८०. लॅबची वरची मर्यादा ६५ आहे. याचा इथे काय संबंध?

सुई_आणि_मशीन

आहे, मोठा आहे. डायलिसिसवर पीटीएच मर्यादेच्या दोन ते नऊ पट चालतं असं मानतात. नऊ पट म्हणजे ५८५. हे त्याच्या वर आहे. पीटीएच इतकं असलं की ते हाडांतून कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही खेचून रक्तात आणतं. म्हणजे सासऱ्यांचा काही फॉस्फरस ताटातून येतच नाहीये, हाडांतून येतोय. तो दुधीने उतरणार नाही. खाजही याच गटातली असू शकते, पण तिला इतर कारणंही असतात.

व्हिटॅमिन डीची गोळी चालू आहे का, तेही सांगा डॉक्टरांना. कॅल्सिट्रिऑल पीटीएच खाली आणतं, पण आतड्यातून फॉस्फरस जास्त शोषायला लावतं. फॉस्फरस ७ असताना ते किती द्यायचं, सिनाकॅल्सेट (पीटीएच उतरवणारं दुसरं औषध) द्यायचं का, हा त्यांचा निर्णय. हा कागद घेऊनच जा, फाइलच्या वरच ठेवा.

वर्धारोड_४४

आणि रक्त डायलिसिसच्या आधी घेतात ना, ते बघून घ्या. आमच्या ओळखीत एकांचं नंतर घेतलं होतं, फॉस्फरस एकदम छान, सगळे खूश. पुढच्या वेळी आधी घेतलं आणि ६.९.

पूर्वा_धरमपेठ

आधीच घेतात, विचारलं. कॅल्सिट्रिऑल चालू आहे. सगळ्यांचे आभार. आज दुपारी वरण लावलं. सासरे काही बोलले नाहीत, पण परत मागितलं. गोळी पहिल्या घासाबरोबर, सासूबाई समोर बसून देतात.

एक राहिलं. महालक्ष्म्यांना आमच्याकडे पुरण असतंच. तेव्हा काय करायचं? आणि त्यांच्या मित्रांचं दर पोळ्याच्या पाडव्याला सावजीत बसणं असतं, त्याचं?

आहार_माधुरी

पुरणपोळी एक, तिच्याबरोबरची गोळी किती ते आधी डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि त्या दिवशी बाकी डाळ, कढी, खीर नाही. दुधाऐवजी तुपाबरोबर.

सावजी नाही. खसखस, सुकं खोबरं, तीळ यांच्या वाटणात फॉस्फरस भरपूर, शिवाय मीठ, तिखट आणि मग तहान. घरी मटण करायचं तर लहान तुकडे करून उकळा, ते पाणी फेका, मग फोडणी. उकळण्याने फॉस्फरस बऱ्यापैकी उतरतो.

खामल्याचा_बाळ्या

मटणाचं पाणी फेका??? माधुरीताई, महालातल्या म्हणता आणि असं लिहिता. हा प्रतिसाद सावजीवाल्यांनी पाहिला तर मोर्चा निघेल तुमच्या क्लिनिकवर.

आहार_माधुरी

येऊ द्या. अल्ब्युमिनचे रिपोर्ट घेऊन या म्हणावं.

इतवारी_एक्स्प्रेस

जवसाची चटणी? लसणाची? शेंगदाण्याची?

आहार_माधुरी

लसूण-मिरचीची, मीठ कमी, चमचाभर. जवस, तीळ, शेंगदाणा तिन्ही नको.

इतवारी_एक्स्प्रेस

म्हणजे भाकरी कोरडी. समजलं.

जठारपेठी

धागा वाचून आज विचारलं. आमच्याकडे डॉक्टरांनी सेव्हेलामर बदलून लॅन्थनम दिलंय, गोळ्या कमी लागतील म्हणून. आई ती बाकीच्यांसारखी अख्खी गिळते. चालतं का? थायरॉइडची गोळीही चालू आहे.

सुई_आणि_मशीन

नाही चालत. लॅन्थनम नीट चावून, बारीक करून खायची, सेव्हेलामरच्या बरोबर उलट. अख्खी गिळली तर तिचा उपयोग कमी होतो, पोटाच्या एक्स-रेमध्ये गोळ्या तशाच पांढऱ्या दिसतात. दात नसतील तर कुटून द्या. जेवणाबरोबर, किंवा जेवण होताच लगेच. थायरॉइडची सकाळी उपाशीपोटी, आणि बाइंडरपासून चार तास तरी लांब. नाहीतर बाइंडर तिलाही धरून बसतो.

जठारपेठी

आईला दात नाहीत. खलबत्ता काढतो.